तापीच्या पैलतीरावरचे रांदेर

महानगरांचा इतिहास सर्वत्र लिहिला जातो. त्यांच्या समोरच्या तीरावर वसलेल्या गावांच्या वाट्याला मात्र बहुधा तळटीपच येते. सुरत शहराचे नाव ठाऊक नाही असा जैन वाचक विरळा. परंतु तापी ओलांडून उजव्या तीरावर गेले की लागणारे रांदेर सुरतेपेक्षाही जुने आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. आज ते सुरत महानगरपालिकेचे एक उपनगर आहे. एकेकाळी मात्र परिस्थिती नेमकी उलटी होती. रांदेर हे बंदर होते आणि सुरत ही समोरच्या काठावरची वाढती वस्ती होती.

मराठी वाचकाला तापी परकी नाही. मुलताई येथे उगम पावून ती भुसावळ, प्रकाशा असा खानदेशचा मुलूख ओलांडते आणि मग गुजरातेत उतरते. बऱ्हाणपूर व खानदेशातून नंदुरबार, नवापूरमार्गे सुरतेला जाणारा व्यापारी रस्ता मोगल काळात अखंड वाहता होता. त्या रस्त्यावरून गेलेला कापूस आणि कापड ज्या खाडीतून समुद्रावर जात असे, तिच्याच काठी रांदेर वसलेले आहे. त्यामुळे या गावाची कथा ही काही अगदी दूरची कथा नव्हे.

अल्‌-बिरूनीने सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहिले, तेव्हा लाट देशाच्या, म्हणजे दक्षिण गुजरातच्या, राजधान्या म्हणून त्याने दोन नावे दिली. एक भरुच आणि दुसरे ‘रहंजूर’. हे रहंजूर म्हणजेच रांदेर, असे अभ्यासक मानतात. सुरतेचे नाव त्या काळी कोणाच्या गणतीत नव्हते.

यानंतरचा प्रसंग जैन समाजाच्या दृष्टीने नाजूक आहे, म्हणून तो थोडा सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. परंपरा असे सांगते की, तेराव्या शतकाच्या प्रारंभी रांदेरवर जैनांची सत्ता होती. सन १२२५ च्या सुमारास अरब व्यापाऱ्यांनी व खलाशांनी तेथे बळ वाढवून जैनांना हुसकावून लावले आणि त्यांच्या मंदिरांच्या मशिदी केल्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांनी ही हकीकत नोंदवली आणि पुढे अनेक पुस्तकांतून ती तशीच उतरत गेली.

ही हकीकत दडपून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ती आहे तेवढीच घ्यावी, हेही तितकेच आवश्यक आहे. ‘जैनांची सत्ता’ या शब्दांवरून जैन राजघराण्याची कल्पना करणे धाडसाचे होईल. त्या दशकांत लाट देशाची स्थिती विलक्षण अस्थिर होती. उत्तरेकडून चौलुक्यांचे व त्यांच्या वाघेला मांडलिकांचे, पूर्वेकडून माळव्याच्या परमारांचे आणि दक्षिणेकडून देवगिरीच्या यादवराजा सिंघणाचे सैन्य या पट्ट्यावर वारंवार उतरत होते. सिंघणाच्या स्वारीच्या वार्तेने गुजरातेत उडालेली भीती सोमेश्वराच्या ‘कीर्तिकौमुदी’ काव्यात वर्णिलेली आहे. अशा काळात बंदराचा कारभार तेथील धनवान वणिकांच्या हाती असे, आणि रांदेरचे वणिक जैन असावेत, एवढाच अर्थ त्या शब्दांतून काढणे सयुक्तिक वाटते. राजसत्तेचा आधार ढिला झाला आणि बंदरातील दुसऱ्या एका व्यापारी समूहाने बाजी मारली, असे त्या घटनेचे स्वरूप असावे.

आणि त्याच शतकातील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खंभातचा कारभार पाहणारा जैन महामंत्री वस्तुपाल याने मुसलमान व्यापाऱ्यांसाठी मशिदी बांधवल्याचे जैन ग्रंथच सांगतात. भद्रेश्वरचा दानशूर श्रावक जगडू शाह, ज्याने तीन वर्षांच्या दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, त्यानेही आपल्या बंदरात मशीद बांधवली, अशी नोंद ‘जगडूचरित’ या जैन काव्यातच आहे. वेरावळला होर्मुझच्या नाखुदा फिरोजने बांधलेल्या मशिदीचा सन १२६४ चा शिलालेख संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत कोरलेला आहे. समुद्रावर जगणाऱ्या गावांना शेजाऱ्याशी संबंध तोडून चालत नाही. रांदेरमध्ये जे घडले ते आणि भद्रेश्वरात जे घडले ते, ही दोन्ही एकाच किनाऱ्याची, एकाच शतकाची चित्रे आहेत. त्यांतले एकच उचलून दाखवणारा इतिहास अपुरा होय.

रांदेरच्या या अरब वंशीय व्यापाऱ्यांना ‘नायता’ म्हणत. त्यांच्या काळात गावाला जे वैभव आले, त्याचे वर्णन सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने करून ठेवले आहे. मलाक्का, बंगाल, पेगू, मर्तबान, सुमात्रा या ठिकाणांशी येथील मोठमोठ्या जहाजांचा व्यापार चाले. मसाले, औषधी, रेशीम, कस्तुरी, ऊद आणि चिनी मातीची भांडी येथे मिळत. घरांच्या पुढच्या दालनात फडताळे करून त्यांवर ही चिनी भांडी मांडून ठेवण्याची तेथील रीत बार्बोसाच्या विशेष नजरेत भरली.

जैन या काळात रांदेरमधून नाहीसे झाले होते काय? तसे मुळीच नाही. दिगंबर परंपरेच्या पट्टावलींनुसार मूलसंघ बलात्कारगणाच्या सुरत शाखेचे पीठ आधी रांदेरला होते. भट्टारक देवेंद्रकीर्ती यांचे हे स्थान. त्यांचे शिष्य विद्यानंदी यांनी विक्रम संवत १५१८ मध्ये, म्हणजे सन १४६१ च्या सुमारास, ते सुरतेस नेले. गावातून हुसकावले गेल्याची ज्यांची स्मृती, त्यांचेच धर्मपीठ दोन शतकांनंतर त्याच गावात नांदत होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. या सुरत शाखेच्या छायेत श्रुतसागरसूरी आणि ब्रह्म नेमिदत्त यांच्यासारखे ग्रंथकार झाले. बलात्कारगणाच्याच कारंजा व लातूर या शाखांमुळे महाराष्ट्रातील दिगंबर समाजाचेही या परंपरेशी नाते आहे. विदर्भातील विद्वान विद्याधर जोहरापूरकर यांनी या सर्व शाखांच्या लेखांचे संकलन ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात केले आणि तो सन १९५८ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला.

पीठ नदीपलीकडे का गेले असावे, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. श्रावक जिकडे वाढतात तिकडे गुरूंचे स्थान सरकते. सुरतेचे माप जड होऊ लागले होते. पुढे सन १५३० मध्ये अंतोनियो द सिल्व्हेरा याच्या आरमाराने सुरत लुटली आणि पाठोपाठ रांदेरही जाळले. दोन्ही गावे होरपळली, पण सुरत सावरली. तेथे किल्ला उभा राहिला, सन १५७३ मध्ये अकबराने शहर घेतले आणि मक्केच्या यात्रेकरूंचे ते मुख्य बंदर झाले. रांदेर मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या आधाराने जगणारे गाव उरले.

नदीच्या या भूगोलाचा जैन संघाच्या आचाराशी जो संबंध येतो, तो इतर इतिहासकारांच्या लक्षात येण्यासारखा नाही. श्रावकाने सकाळी होडीतून सुरतेच्या पेढीवर जावे आणि सायंकाळी चोविहारापूर्वी घरी परतावे, यात अडचण नव्हती. साधू-साध्वींचे तसे नाही. आगमांत मोठ्या नद्या ओलांडण्यावर मर्यादा आहे. बृहत्कल्पसूत्रात गंगा, यमुना आदी पाच महानद्यांचा उल्लेख करून त्या महिन्यातून दोन-तीनदा ओलांडू नयेत, असे सांगितले आहे. कल्पसूत्राच्या सामाचारी विभागात तर चातुर्मासातील भिक्षेसाठी अंतराची मर्यादा घालून दिली आहे. वाटेत सतत वाहणारी नदी असल्यास त्या मर्यादेतही पलीकडे जाता येत नाही. अपवाद फक्त कुणाला नगरीजवळच्या ऐरावतीसारख्या नदीचा, जिथे एक पाऊल पाण्यात आणि दुसरे पाण्याबाहेर ठेवीत पार होता येते.

पावसाळ्यातली तापी म्हणजे काही ऐरावती नव्हे. म्हणजेच सुरतेत कितीही मोठे आचार्य विराजमान असोत, आषाढ ते कार्तिक या काळात समोरच्या तीरावरचा संघ त्यांच्या सान्निध्याला मुकणार, हे ठरलेले. रांदेरच्या संघाला आपला उपाश्रय, आपले देरासर आणि आपली चातुर्मासाची विनंती ही स्वतंत्रच सांभाळावी लागली. मोठ्या नगराच्या सावलीतील लहान संघ सहसा विरून जातात. रांदेरच्या संघाचे वेगळेपण टिकले, त्याला या नियमाचा हातभार लागला असावा असे म्हणण्यास जागा आहे.

या संघाच्या विनंतीला मान देऊन जे महापुरुष रांदेरला राहिले, त्यांत उपाध्याय श्री विनयविजयजी महाराज यांचे नाव अग्रभागी आहे. वर सांगितलेल्या कल्पसूत्रावर विक्रम संवत १६९६ मध्ये ‘सुबोधिका’ ही टीका लिहिणारे तेच. पर्युषणात आजही या टीकेच्या आधारे व्याख्याने होतात. ‘लोकप्रकाश’ हा विश्वरचनेचा ज्ञानकोश आणि ‘शांतसुधारस’ हे भावनांचे काव्य त्यांचेच. जोधपूरला असताना त्यांनी सुरतेतील आपल्या गुरुवर्यांना, आचार्य विजयप्रभसूरी यांना, ‘इंदुदूत’ नावाचे काव्यमय पत्र लिहिले. त्यात ते चंद्राला दूत करून जोधपूर, आबू, अहमदाबाद, भरुच या मार्गाने सुरतेला धाडतात.

विक्रम संवत १७२९ चा चातुर्मास त्यांनी रांदेरला केला आणि तेथे ‘पुण्यप्रकाशनुं स्तवन’ रचले. ज्या घरी कोणी अंतकाळाच्या समीप आहे, त्या घरी आजही हे स्तवन वाचले जाते. अतिचारांची आलोचना, सर्व जीवांची क्षमायाचना, चार शरणे, सुकृताची अनुमोदना असा त्याचा क्रम आहे.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची सुरतेवरील पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, दुसरी ऑक्टोबर १६७० ची. पहिल्या वेळी विरजी व्होरा या अतिधनाढ्य जैन सावकाराची हवेली लुटली गेली, हे सर्वश्रुत आहे. मोगल सुभ्याचा अधिकारी किल्ल्यात जाऊन बसला आणि सामान्य नागरिकांनी जीव घेऊन गाव सोडले. कित्येकांनी होड्या गाठून नदीकाठची गावे जवळ केली. संपत्तीच्या नश्वरतेवरील व्याख्यान ऐकायला सुरतेच्या श्रावकांना त्या दशकात दृष्टांत शोधावा लागला नसेल. दुसऱ्या स्वारीनंतर दोन-तीन वर्षांतच क्षमापनेचे हे स्तवन पैलतीरावर रचले गेले. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारण संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

विक्रम संवत १७३८ मध्ये, म्हणजे सन १६८१-८२ मध्ये, विनयविजयजी पुन्हा रांदेरला होते. संघाने आग्रह धरला की, श्रीपाल राजाची कथा लोकभाषेत, गाता येईल अशा ढाळींत लिहून द्यावी. कथा जुनी होती. रत्नशेखरसूरींनी ती प्राकृतात ‘सिरिवालकहा’ म्हणून तीन शतकांपूर्वीच लिहिली होती. पण बंदरातल्या श्रावक-श्राविकांना प्राकृत कितीसे उमगणार? ती गुजरातीत हवी होती.

ही कथा या गावाने का मागितली, याचे उत्तर कथेतच आहे. मयणासुंदरीच्या श्रद्धेने आणि सिद्धचक्राच्या आराधनेने कुष्ठमुक्त झालेला श्रीपाल भरुचच्या बंदरातून धवल शेठच्या पाचशे जहाजांच्या काफिल्यासह परदेशी निघतो. बब्बरकूल, रत्नद्वीप असा प्रवास होतो. लोभाने आंधळा झालेला धवल शेठ त्याला समुद्रात लोटतो. नवपदाचे स्मरण करीत तो तरतो आणि कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या, ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंदिरात श्रीपाल-मयणेची स्मृती आजही जपलेली आहे. ज्या गावातील घरटी कोणी ना कोणी जहाजावर किंवा जहाजाच्या मालावर जगत होते, त्या गावाला लोभी नौकापती आणि निर्मोही प्रवासी यांची ही कथा आपलीच वाटली असणार.

रासाच्या चार खंडांपैकी तिसऱ्या खंडापर्यंत, सुमारे साडेसातशे गाथांपर्यंत रचना आली आणि रांदेरमध्येच उपाध्यायजींचा कालधर्म झाला. आपले आयुष्य पुरणार नाही याची जाणीव त्यांना होती, आणि उरलेला भाग पूर्ण करण्याचे वचन त्यांनी आपले सहाध्यायी उपाध्याय श्री यशोविजयजी यांच्याकडून घेतले होते, असे परंपरा सांगते. यशोविजयजी म्हणजे न्यायशास्त्रातले धुरंधर. बारीक तर्काच्या संस्कृत ग्रंथांत रमणाऱ्या या पंडिताने मित्राच्या शब्दाखातर गेय ढाळी रचल्या आणि रास पूर्ण केला. शेवटच्या कलशात त्यांनी मित्राचे श्रेय, गाथांची संख्या आणि गावाचे नाव ही तिन्ही नोंदवून ठेवली. एका अर्धवट राहिलेल्या कृतीचा इतका प्रामाणिक हिशेब साहित्यात क्वचितच आढळतो.

पुढील दीड शतकाचा वृत्तांत थोडक्यात देता येईल. व्यापार मुंबईकडे सरकला. सन १८३७ च्या भीषण आगीत सुरतेची नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी महापूरही आला. अनेक कुटुंबांनी मुंबई गाठली. आज मुंबईत ‘सुरती’ म्हणवणाऱ्या जैन घराण्यांपैकी कित्येकांची मुळे या उलथापालथीत सापडतील. रांदेरच्या सुन्नी व्होरांनी मात्र वेगळी दिशा धरली. त्यांनी पश्चिमेला मॉरिशस आणि पूर्वेला रंगून, मौलमीन, सयाम, सिंगापूर येथे पेढ्या उघडल्या. रंगूनचा ‘सुरती बाजार’ हे त्यांच्याच कर्तृत्वाचे चिन्ह. त्याच रंगूनमध्ये गुजराती जैन जवाहिरेही होते. गांधीजींचे जिवलग स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता हे त्यांतलेच.

सन १८५२ मध्ये रांदेरच्या शाळेत एक तरुण शिक्षक रुजू झाला. तो म्हणजे पुढे ‘वीर नर्मद’ म्हणून गाजलेला गुजरातचा आद्य सुधारक कवी. तेव्हा नदीवर पूल नव्हता. पूल झाला सन १८७७ मध्ये, आणि सुरतेचे एकेकाळचे कलेक्टर थिओडोर होप यांच्या नावावरून त्याला ‘होप पूल’ म्हणू लागले. पुलाने शतकानुशतकांचा एक अडसर दूर झाला. पुलाआधीचे रांदेर हे शेजारचे गाव होते. पुलानंतर ते हळूहळू सुरतेचे अंगण झाले. सन १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या दहा हजारांच्या थोडी वर होती.

ब्रह्मदेशातील संपत्तीने रांदेरला नक्षीदार लाकडी हवेल्या आणि प्रशस्त मशिदी दिल्या. सन १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे आणि पुन्हा १९६० नंतरच्या दशकात तेथील लष्करी राजवटीने व्यापाराचे राष्ट्रीयीकरण केल्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे परत आली. येताना त्यांनी नारळाच्या दुधातला ‘खावसा’ आणला, जो आता साऱ्या सुरतेचा झाला आहे. रांदेरची आलुपुरीही अशीच प्रसिद्ध. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून ती आपलीशी केली. शेजार कसा निभवावा, याचे हे बिनशब्दांचे उदाहरण म्हणता येईल. चव स्वीकारली, व्रत सोडले नाही.

सुरतेची महानगरपालिका सन १९६६ मध्ये स्थापन झाली आणि पुढे रांदेर तिच्या हद्दीत आले. अडाजण व रांदेर मार्गावर नव्या वसाहती उठल्या. हिऱ्यांच्या व कापडाच्या धंद्यानिमित्त उत्तर गुजरात व सौराष्ट्रातून आलेली जैन कुटुंबे तेथे राहू लागली आणि नवी देरासरे झाली. खानदेशातून सुरतेत आलेला मराठी कष्टकरी वर्ग मुख्यतः नदीच्या अलीकडे, उधना-लिंबायत भागात स्थिरावला.

सर्वच काही गोड झाले असे नाही. सन १९९२-९३ च्या दंगलींत सुरत होरपळली. त्याच्या आधीच, सन १९९१ मध्ये, गुजरातेत ‘अशांत क्षेत्रां’तील स्थावर मिळकतींच्या विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक करणारा कायदा झाला होता, आणि सुरतेतील काही विभागही त्याखाली आले. दंगलीच्या भीतीने घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. परिणाम मात्र असा की, एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला घर विकणे दुर्घट झाले आणि मोहल्ले अधिकाधिक एकजिनसी होत गेले. सात-आठ शतके जे गाव सरमिसळीने जगले, त्याच्या परिसरात अशी पाळी यावी, हा इतिहासाचा विचित्र फेरा आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने रौद्र रूप धारण केले आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. नदीकाठचे रांदेर व अडाजण यांना त्याचा जबर तडाखा बसला. तो चातुर्मासाचा काळ होता. पूल होते, पण पाण्याखालच्या रस्त्यांमुळे काही दिवस दोन्ही तीर पूर्वीसारखेच एकमेकांपासून तुटले.

आश्विन आणि चैत्राच्या ओळीत आयंबिलाचे तप करणारे श्रावक-श्राविका मुंबई, ठाणे, पुणे येथील उपाश्रयांत श्रीपाल रासाचे वाचन ऐकतात. नवव्या दिवशी वाचन कलशापर्यंत पोहोचते, आणि त्यात गावाचे नाव ‘रानेर’ असे उच्चारले जाते.